वस्तू तुटते कशी? भंग आणि जटिलताविज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदार्थांच्या तुटण्याबद्दल लिहायला लागल्यापासून वाचकांचे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. शब्द वेगळे असतात, शंका तीच असते. म्हणून ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पायाभूत आहेत, पुढचे अडचणीचे. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथे तसा प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. एखादी वस्तू तुटते म्हणजे आत नेमकं काय होतं?

घन पदार्थातले अणू बंधांनी एकमेकांना धरून असतात. वस्तू ओढली किंवा वाकवली की हे बंध ताणले जातात आणि सोडली की पूर्ववत होतात. पण एखादा बंध तुटला तर तो पेलत असलेला भार नाहीसा होत नाही, तो शेजारच्या बंधांवर येतो. त्यातला एखादा आधीच टेकीला आलेला असेल तर तोही जातो आणि त्याचा भार आणखी पुढे सरकतो. तुटलेल्या बंधांची अशी रांग लागली की तिला आपण तडा म्हणतो. तडा एका कडेपासून दुसऱ्या कडेला पोचला की वस्तूचे दोन तुकडे.

‘भार शेजाऱ्यावर जातो’ एवढं लक्षात ठेवा. या पानावरची बहुतेक उत्तरं तिथूनच निघतात.

२. मग एका बंधाची ताकद मोजायची आणि बंधांच्या संख्येने गुणायचं. यात अवघड काय आहे?

गणित सोपं आहे, पण उत्तर सपशेल चुकतं. काचेच्या बंधांवरून काढलेली ताकद प्रत्यक्षातल्या खिडकीच्या काचेच्या ताकदीपेक्षा शंभर पट किंवा त्याहूनही जास्त येते. एवढा फरक मोजमापातल्या चुकीमुळे पडत नाही.

कारण घरच्या घरी पाहता येतं. कागदाची दोन बोटं रुंद पट्टी घ्या आणि दोन्ही टोकं धरून सरळ ओढा. बराच जोर लागतो. आता तशाच दुसऱ्या पट्टीच्या एका कडेला कात्रीने लहानशी खाच द्या आणि ओढा. पट्टी खाचेपासून सर्रकन फाटत जाते. खाचेने कागद फारसा कमी झालेला नाही, तरी ताकद मात्र पार गेली, कारण खाचेच्या टोकाशी ताण एकवटतो.

इंग्लिस यांनी १९१३ मध्ये याचं गणित मांडलं. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लंबगोल असेल आणि ओढण्याच्या आडव्या दिशेला त्याची लांबी रुंदीच्या दहापट असेल, तर टोकाशी तो २१ पट होतो. तड्याचं टोक याहून कितीतरी अणकुचीदार असतं. पुढे १९२१ मध्ये ग्रिफिथ यांनी ऊर्जेचा हिशेब जोडला. तडा वाढताना दोन नवे पृष्ठभाग तयार होतात आणि त्यांना ऊर्जा लागते. ताण सैल झाल्यामुळे सुटणारी ऊर्जा त्याहून जास्त भरली की तडा आपोआप धावतो. म्हणून वस्तूची ताकद तिच्या सरासरी भागावर ठरत नाही, सगळ्यात वाईट जागेवर ठरते.

३. जटिलताविज्ञान म्हणजे काय? नुसतं किचकट असण्यापेक्षा ते वेगळं कसं?

मनगटी घड्याळ किचकट असतं, पण त्यातलं प्रत्येक चाक काय करतं ते सांगता येतं आणि चाकांची बेरीज म्हणजेच घड्याळ. जटिल व्यवस्थेत अशी बेरीज लागू पडत नाही. भाग पुष्कळ असतात, प्रत्येकाचा नियम साधा असतो, पण ते एकमेकांवर असा परिणाम करतात की समूहाचं वागणं कुठल्याही एका भागाकडे पाहून कळत नाही. पक्ष्यांचे थवे, वाहतुकीची कोंडी, जंगलातले वणवे ही नेहमीची उदाहरणं.

तुटणारा पदार्थ या यादीत अगदी चपखल बसतो. त्यात असंख्य बंध आणि कण असतात, त्यांची ताकद सारखी नसते आणि एक गेला की भार दुसऱ्यावर जातो. जटिलतेला याहून जास्त काही लागत नाही.

४. एकाच साच्यातून, एकाच मालातून काढलेले दोन नमुने वेगवेगळ्या भाराला का तुटतात?

दोघांमधला सगळ्यात वाईट दोष सारखा नसतो म्हणून. चाचणीत एका भाराला एक नमुना तुटला, त्याचा जुळा भाऊ वाटावा असा दुसरा दीडपट भाराला तुटला, तर विद्यार्थी यंत्रावर संशय घेतात. ठिसूळ पदार्थांत हा फरक खराच असतो, तो लपवायचा नसतो, मोजायचा असतो.

स्वीडिश अभियंते वायबुल यांनी १९३९ मध्ये त्याचं संख्याशास्त्र मांडलं. साखळी तिच्या सगळ्यात दुबळ्या कडीइतकीच बळकट असते, या कल्पनेवर ते उभं आहे. साखळी लांबवली तर त्यात एखादी फार वाईट कडी सापडण्याची शक्यता वाढते. म्हणजे आकाराने मोठा नमुना, सगळं काही तेच असूनही, कमी ताणाला तुटतो. नमुन्यांच्या ताकदीत किती फरक पडतो ते वायबुल मापांक सांगतो. मापांक १० असलेल्या सिरॅमिकचं आकारमान १००० पट केलं, तर ताकद साधारण निम्म्यावर येते. लहान नमुन्याची चाचणी घेऊन मोठी वस्तू बांधणाऱ्याने हा हिशेब विसरला तर अनर्थ होतो.

लांबीचा हा प्रश्न जुना आहे. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत तारेला टोपली टांगून, तीत वाळू सोडत तारेची ताकद मोजण्याचा प्रयोग आहे आणि तारेची लांबी बदलून पाहायची सूचनाही आहे.

५. ‘तंतूंचं जुडगं’ हे मॉडेल सगळीकडे दिसतं. ते नेमकं काय आहे?

या विषयाचं गाभ्याचं मॉडेल हेच, आणि मला ते मनापासून आवडतं, कारण कागद-पेन्सिलीने सोडवता येतं. पीअर्स यांनी १९२६ मध्ये सुताच्या ताकदीचा विचार करताना ते वापरलं आणि डॅनियल्स यांनी १९४५ मध्ये त्याला पक्कं गणिती रूप दिलं.

समजा, १०० धागे वरून एका पट्टीला आणि खालून एका वजनाला बांधले आहेत. त्यांची ताकद ० ते १०० ग्रॅमपर्यंत सारखी पसरलेली आहे, म्हणजे सरासरी ५० ग्रॅम. एखादा धागा तुटला की त्याचा भार उरलेल्या सगळ्यांत सारखा वाटला जातो. जुडगं किती पेलेल? सरासरीने गुणलं तर ५ किलो.

आता वजन हळूहळू वाढवा. १ किलो झालं तेव्हा ११ धागे तुटलेले असतात. २ किलोला २८. उरलेल्या ७२ धाग्यांवर प्रत्येकी सुमारे २८ ग्रॅम भार येतो आणि ते टिकतात. पुढच्या अर्ध्या किलोत आणखी २२ जातात. २.५ किलोला बरोबर ५० धागे शिल्लक असतात. त्यावर एखादा ग्रॅमसुद्धा वाढवला की उरलेले सगळेच्या सगळे एका झटक्यात तुटतात. सरासरीने दिलेल्या उत्तराच्या निम्म्यावर जुडगं संपतं.

आता उलट करून पाहा. सगळे धागे अगदी ५० ग्रॅमचे घेतले तर जुडगं पुरते ५ किलो पेलतं, पण शेवटच्या क्षणापर्यंत एकही धागा तुटत नाही. मग सगळे एकदम. पहिलं जुडगं दुबळं, पण ते आधी बोलतं. दुसरं बळकट, पण मुकं. असमानतेमुळे ताकद जाते आणि पूर्वसूचना मिळते, ही या विषयातली माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. तिचा उपयोग ११व्या प्रश्नात येतो.

एक पुरवणी. भार सगळ्यांत न वाटता फक्त लगतच्या धाग्यांवर गेला तर चित्र बदलतं. तुटलेल्या धाग्यांचं एक बेट तयार होतं आणि त्याच्या काठावरचे धागे सगळा बोजा सोसतात. अशा जुडग्यात धागे जितके जास्त, तितका प्रत्येक धाग्यामागे पेलता येणारा भार कमी होत जातो. खरे पदार्थ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात.

६. वस्तू तुटण्याआधी कडकड आवाज येतो. तो कशाचा?

आतल्या लहान-लहान तुटण्यांचा. प्रत्येक वेळी साठलेली थोडी ऊर्जा ध्वनिलहरी होऊन बाहेर पडते. यातले बहुतेक आवाज कानाला ऐकू येत नाहीत. ते टिपायला पृष्ठभागावर सेन्सर चिकटवतात. या तंत्राला ध्वनिउत्सर्जन म्हणतात.

वाकवायला लावलेल्या लाकडी पट्टीवर असा सेन्सर लावून समोरचा पडदा पाहणं हा एक अनुभव आहे. पट्टी डोळ्यांना जशीच्या तशी दिसत असते आणि पडद्यावर मात्र बारीक टोकं उमटत असतात. आधी तुरळक, मग घोळक्याने, मध्येच एखादं उंच, पुन्हा शांतता. त्या टोकांच्या ऊर्जेचं गणित मांडलं की दिसतं, लहान पुष्कळ, मध्यम कमी, मोठे विरळ, आणि हे प्रमाण एकाच साध्या घाताच्या नियमाने, म्हणजे पॉवर लॉने चालतं. ‘नेहमीच्या आकाराचा’ असा आवाजच नसतो. जुडग्याच्या मॉडेलमध्येही हेच निघतं. हेमर आणि हॅन्सन यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की तुटणाऱ्या धाग्यांच्या घोळक्यांचे आकार अशाच नियमाने पसरतात आणि त्याचा घातांक ५/२ असतो. धाग्यांची ताकद कशी पसरलेली आहे याने त्यात सहसा फरक पडत नाही.

यातली कायझर यांनी १९५० मध्ये नोंदवलेली एक बाब कामाची आहे. धातूवर एकदा भार देऊन काढला आणि पुन्हा द्यायला लागलं, तर आधीच्या सर्वोच्च भारापर्यंत तो बहुधा गप्प राहतो. त्यापुढे पुन्हा बोलू लागतो. पदार्थाला आपला भूतकाळ आठवतो असंच म्हणावं लागेल.

७. भूकंप आणि प्रयोगशाळेतला एवढासा तुकडा एकाच नियमाने तुटतात, हे खरं की अतिशयोक्ती?

बऱ्याच अंशी खरं. भूकंपांसाठी गुटेनबर्ग-रिश्टर नियम १९४४ पासून माहीत आहे. प्रतेची (मॅग्निट्यूडची) एक पायरी खाली उतरलं की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते. ओमोरी यांचा नियम त्याहून जुना, १८९४चा. मोठ्या धक्क्यानंतरचे धक्के काळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जातात. २०१३ मध्ये सच्छिद्र काचेचा नुसता तुकडा दाबून त्याचे आवाज नोंदवले गेले, तेव्हा हे दोन्ही नियम त्यात सापडले.

इथे जटिलताविज्ञानाचा खरा दावा कळतो. काच, लाकूड, खडक यांची रसायनं वेगळी आहेत, पण भार कसा वाटला जातो आणि असमानता किती आहे एवढं जुळलं की संख्याशास्त्र जुळतं. मात्र याचा अर्थ ‘काचेवरून भूकंप सांगता येईल’ असा होत नाही. भूकंप बहुतेक वेळा आधीच असलेल्या प्रस्तरभंगावर, म्हणजे खडकातल्या जुन्या भेगेवर, घसरून होतो, नवा तडा जाऊन नाही.

८. तुटलेला पृष्ठभाग खडबडीत असतो. त्यात खरंच फ्रॅक्टल असतात का?

हो, ठरावीक मर्यादेत. मँडलब्रॉट, पासोया आणि पॉले यांनी १९८४ मध्ये पोलादाचे तुटके पृष्ठभाग मोजून हे मांडलं. पृष्ठभागाचा छोटा भाग मोठा करून पाहिला तर तोही मूळ पृष्ठभागासारखाच दिसतो, फक्त उंची लांबीइतक्या वेगाने वाढत नाही. पाहायची लांबी दुप्पट केली तर चढउतार दुप्पट न होता साधारण १.७ पट होतात, म्हणजे घातांक ०.८च्या आसपास. १९९० पासून निरनिराळ्या पदार्थांत हाच आकडा पुन्हा पुन्हा सापडत गेला. तो पूर्णपणे सार्वत्रिक आहे का, यावर मात्र वाद आहे. वाळूचे दगड आणि चिकटवलेल्या काचमण्यांत याहून लहान आकडे मिळाले आहेत.

९. तडा सरळ का जात नाही? त्याला फांद्या का फुटतात?

सावकाश जाणारा तडा बहुधा सरळ आणि गुळगुळीत जातो. वेग वाढला की बिघडतं. तुटलेल्या काचेची कड उजेडात धरा. जिथून तडा सुरू झाला तिथे आरशासारखा गुळगुळीत भाग दिसेल, पुढे धुकं पडल्यासारखा अंधूक पट्टा आणि त्यापुढे खरखरीत रेघा. जाणकार याला आरसा, धुकं, खरखर अशा क्रमाने वाचतात आणि तडा कुठून निघाला ते शोधतात. काचेत तडा सेकंदाला सुमारे १५०० मीटरपर्यंत पोचतो. सिद्धान्ताप्रमाणे ताणाखालच्या तड्याला पृष्ठभागावरून जाणाऱ्या रॅले लहरीच्या वेगाची मर्यादा असते. पण ॲक्रिलिकवरच्या १९९१च्या प्रयोगांत तडा त्याच्या साधारण एक तृतीयांश वेगालाच अस्थिर झाला, टोक थरथरू लागलं आणि बारीक फांद्या निघाल्या.

युसे आणि सानो यांचा १९९३चा प्रयोग तर पाहण्यासारखा. तापलेली काचेची पट्टी हळूहळू थंड पाण्यात सोडायची. वेग आणि तापमानातला फरक कमी असेल तर तडा सरळ जातो, थोडा वाढवला की नागमोडी, आणखी वाढवला की फांद्या. काच तीच, पाणी तेच, फक्त एक खुंटी फिरवली.

१०. सुकलेल्या चिखलातल्या भेगा कुठे काटकोनात मिळतात, तर कुठे षटकोन होतात. का?

वेळेचा प्रश्न आहे. पहिल्यांदा सुकताना एक भेग आधी जाते, दुसरी तिला येऊन काटकोनात भिडते. चिखल पुन्हा पुन्हा भिजून सुकत राहिला तर सांधे हळूहळू सरकतात आणि तीन भेगा १२० अंशांनी भेटू लागतात. थंड होणाऱ्या लाव्ह्यातही तडा आत सरकत जाताना असंच घडतं, त्यातून बसाल्टचे बहुकोनी खांब तयार होतात.

११. हे सगळं ठीक, पण वस्तू केव्हा तुटेल ते सांगता येतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. नेमका क्षण बहुधा नाही. पण ‘आता फार वेळ उरलेला नाही’ हे पुष्कळदा सांगता येतं, आणि जीव वाचवायला तेवढं पुरतं.

मोगी यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नमुने तोडून दाखवलं, की एकजिनसी पदार्थ जवळजवळ काही न सांगता फुटतो. असमान घडणीचा पदार्थ मोठ्या भंगाआधी खूप कुरकुरतो. पाचव्या प्रश्नातली दोन जुडगी आठवा, तेच इथे आहे.

ही कुरकुर वाचायची कशी? फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये घसरणाऱ्या उतारांसाठी एक साधी युक्ती दिली आणि व्हॉइट यांनी १९८८ मध्ये ती ज्वालामुखींपर्यंत नेली. विस्थापनाचा वेग मोजायचा आणि वेगाचा व्यस्त, म्हणजे १ भागिले वेग, आलेखावर मांडायचा. भंग जवळ येताना वेग वाढतो, म्हणजे व्यस्त खाली खाली येतो. ती रेघ वाढवून शून्याला जिथे टेकेल, तो अंदाजे वेळ. उघड्या खाणींच्या उतारांवर ही पद्धत आजही वापरतात.

तिच्या मर्यादाही सांगतो. प्रत्येक कुरकुरीनंतर भंग होतोच असं नाही, खूपदा पदार्थ पुन्हा स्थिरावतो. आणि एकच मोठा दोष असलेल्या ठिसूळ वस्तूत ऐकण्यासारखं काही नसतंच. अशा वस्तूसाठी भाकितावर विसंबू नका, आधीच दोष शोधा आणि भार कमी ठेवा.

१२. मग ग्रिफिथ-अर्विन यांचं जुनं भंगशास्त्र रद्द झालं का?

अजिबात नाही. १९४३च्या जानेवारीत स्केनेक्टडी नावाचं नवं तेलवाहू जहाज शांत पाण्यात धक्क्याला बांधलेलं असताना जवळजवळ दोन भागांत तुटलं. असे अपघात समजून घेण्याच्या गरजेतून हे शास्त्र पुढे वाढलं आणि अर्विन यांनी १९५७ मध्ये तड्याच्या टोकाशी ताण किती तीव्र आहे ते मोजणारा गुणक दिला. माहीत असलेला एक तडा, माहीत असलेला भार: असा प्रश्न असेल तर तेच वापरा. तडे पुष्कळ, जागा अनोळखी, आणि ते एकमेकांवर परिणाम करताहेत, अशा वेळी जटिलतेची साधनं लागतात.

१३. भंग म्हणजे स्वयंसंघटित क्रांतिकता, असं वाचलं. बरोबर आहे का?

सरसकट नाही. बाक, टँग आणि वीझेनफेल्ड यांनी १९८७ मध्ये वाळूच्या ढिगाच्या मॉडेलवरून ही कल्पना मांडली. ढिगावर कण पडत राहतात आणि तो स्वतःच उंबरठ्याशी येऊन थांबतो, कायम. भूगर्भातल्या प्रस्तरभंगांना हे चित्र लागू पडू शकतं, कारण तिथे ताण पुन्हा साठतो. पण वाकवलेली पट्टी एकदा तुटली की तुटली. ती उंबरठ्याकडे चालत जाते, त्यावर राहत नाही. शेवटचा भंग हा सावकाश जवळ येणारा संक्रमणबिंदू मानायचा की अचानक उडी, यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत, आणि उत्तर असमानतेच्या प्रमाणावर बदलतं असं दिसतं.

१४. दोष म्हणजे नेहमी दुबळेपणा का?

नाही, आणि हा अपवाद फार देखणा आहे. शिंपल्याचा मोती-थर सुमारे ९५ टक्के ॲरॅगोनाइट या ठिसूळ खनिजाचा असतो. पण त्याच्या सूक्ष्म विटांमध्ये प्रथिनांचे पातळ मऊ थर असतात. तडा वीट सोडून या थरात वळतो, वाट वाकडी होते, प्रत्येक वळणावर ऊर्जा खर्ची पडते. म्हणून हा थर शुद्ध खनिजापेक्षा कितीतरी चिवट असतो. कारागीरही हे ओळखून आहेत. पत्र्यातल्या तड्याच्या टोकाशी ड्रिलने गोल भोक पाडतात. भोक हाही दोषच, पण टोक बोथट होतं आणि तडा तिथे अडतो. इंग्लिस यांचा हिशेब इथेही तोच, प्रश्न २ पाहा.

१५. भार वाढवलाच नाही, तरी वस्तू महिन्यांनी कशी तुटते?

तीन वाटा आहेत. पहिली, हवेतला ओलावा. काचेच्या तड्याच्या टोकाशी पाण्याचे रेणू ताणलेल्या बंधांवर हल्ला करतात आणि तडा अतिशय संथ सरकतो. दुसरी, विसर्पण. कायम भाराखाली पदार्थ हळूहळू लांबत जातो. अँड्राड यांनी १९१० मध्ये तारांवर पाहिलं, की सुरुवातीला लांबी काळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. पुढे वेग स्थिर राहतो आणि शेवटी झपाट्याने चढतो. हा शेवटचा चढ म्हणजेच ११व्या प्रश्नातली कुरकुर. तिसरी वाट थकव्याची, म्हणजे कमीजास्त होत राहणाऱ्या भाराची. व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला.

१६. साधनं नसताना यातलं काही स्वतः पाहता येईल का?

येईल. एक कोरडी, बोटभर जाडीची फांदी घ्या, डोळ्यांना चष्मा लावा. फांदी मोबाइलला टेकवून रेकॉर्डिंग सुरू करा आणि अगदी सावकाश वाकवा. तुटल्यावर ती ध्वनिफीत एखाद्या मोफत ॲपमध्ये उघडून तरंग पाहा. मोठ्या कडाक्याच्या आधीचे बारीक टोक मोजा. मग तेवढ्याच जाडीची काचेची नव्हे, तर खडूची कांडी घेऊन तेच करा. खडूच्या तरंगात शेवटच्या टोकाआधी जवळजवळ सपाट रेघ मिळेल. फांदीचे तंतू किती वेळ आधीपासून बोलत होते, ते शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसतं.